चौकातच उतरलेला रस्ता

माझ्या तोंडून ऐकायचंय म्हणता? ऐका मग. एरवी मला हा किस्सा सांगायची वेळच येत नाही. मी कुठं पोचायच्या आधीच तो तिथं पोचलेला असतो. पण तुम्ही चहा पाजताय, तेव्हा मूळ माल माझ्याकडूनच घ्या. फक्त मधे हसू नका. शेवटी मी स्वतःच सांगेन, हसा म्हणून.

भूकंप होऊन काही वर्षं झाली होती आणि आमच्या लातुरात क्लासेस नुसते उगवून राहिले होते. मुखेड, उदगीर, नांदेड, कुठून कुठून पोरं लोखंडी पेट्या घेऊन उतरायची. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची, तो झाला होस्टेलवाला. ज्याच्या घरात बाईच्या हाताला चव, तो झाला मेसवाला. आमच्याकडं जास्तीची खोली नव्हती. आई होती.

आणि मी होतो. बारावी सायन्स अर्ध्यात सोडलेला. क्लासच्या सरांना भर वर्गात म्हणालो होतो, "सर, तुम्ही शिकवत नाही, पाठ करून ओकता." सरांनी दार दाखवलं. मी ते इतक्या ऐटीत ओलांडलं की परत आत यायची सोयच ठेवली नाही. मग काय? सायकल घेतली आणि आईचे डबे पोचवायला लागलो. कुणाला? जी पोरं परवापर्यंत माझ्या बाकावर बसायची, त्यांनाच!

"काय संजू, आज भाजी कशाची?"

या प्रश्नानं माणूस क्रांतिकारक होतो. खोटं नाही सांगत.

आता आमचा रस्ता. आम्ही राहायचो पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत. त्या गल्लीत डांबर कधीकाळी पडलं होतं असं जुने लोक सांगायचे. आम्ही पाहिलेलं नव्हतं. मी घरून निघायचो तेव्हा डब्यात वरण वेगळं, पोळ्या वेगळ्या, भात वेगळा. गल्लीच्या तोंडाशी येईस्तोवर वरण पोळ्यांत, पोळ्या भातात आणि भाजीचा रस्सा माझ्या पँटीवर. आईनं सगळं करून पाहिलं. झाकणं फडक्यानं बांधली. कडेनं ओली कणीक लिंपली. वरण इतकं घट्ट केलं की पोरांनी विचारलं, हे पिठलं आहे का?

शेवटी एक दिवस होस्टेलच्या पोरांनी सांगून टाकलं. "संजू, राग मानू नको. पण हा महिना संपला की आम्ही मेस बदलणार. रोज काला कोण खाईल?"

मी आईला सांगितलं. ती तव्यावरची पोळी उलटायची विसरली. आमच्या घरात पोळी कधी करपत नव्हती, हे तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो.

मग माझं डोकं फिरलं. फिरलं ते गल्लीतल्या म्हाताऱ्यांवर.

गल्लीत कृती समिती होती. नावात कृती. अध्यक्ष आमचे गुरुजी, रिटायर झालेले हेडमास्तर. उजवा हात खादरचाचा, गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. बाकीचे सगळे चहाला. समितीचं काम एकच. निवेदन द्यायचं. निवेदन देताना फोटो काढायचा. फोटो पेपरात आला की तो कापून गुरुजींच्या बैठकीत चिकटवायचा. बैठकीची एक भिंत भरली होती. गल्लीतला एक खड्डा भरला नव्हता.

आणि कहर सांगू? भूकंपानंतर यांनी निवेदनात लिहिलं, "सदर रस्ता भूकंपाने खचला आहे." अहो, मी त्या रस्त्यावर चालायला शिकलो! पहिला दात मी त्याच खड्ड्यात पाडला! तिकडं किल्लारीकडं माणसं गाडली गेली, आणि हे आपल्या खड्ड्यांना भूकंपग्रस्त ठरवून राहिले होते. मी गुरुजींना तोंडावर म्हणालो, "गुरुजी, लाज वाटू द्या जरा."

गुरुजी शांत. "निधी मिळायला कारण लागतं रे. नुसतं खड्डे आहेत म्हणून कुणी निधी देत नाही. खड्डे सगळीकडंच आहेत."

मेसची बातमी कळली त्या संध्याकाळी मी खादरचाचांच्या दुकानापुढं उभा राहिलो. आत गुरुजी बसलेले, मधे चहा, आणि दोघं हळू आवाजात काहीतरी बोलून राहिलेले. मला बघितलं आणि गप झाले.

"काय खलबत चाललंय? नवीन निवेदन?"

"संजू, थोडं सबर कर," चाचा म्हणाले. "काम होऊन राहिलंय."

"कधी? माझ्या पोराच्या लग्नात?"

"आधी तुझं तर होऊ दे," गुरुजी म्हणाले. आणि मग जरा खालच्या आवाजात, "हे बघ, मार्च संपेपर्यंत थांब. बोभाटा नको."

मार्च संपायला किती दिवस राहिले होते? बोटांवर मोजण्याइतके. पण मी हे 'थांब' शाळेत असल्यापासून ऐकत होतो. मी ओरडलो, "तुमचं वय थांबण्यात गेलं, आमचं नाही जाणार! आता रास्ता रोको!"

चाचा उठले. "अरे सुन तो सही…"

मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर तुम्हाला आज हा चहा फुकट पाजावा लागला नसता.

आता तुम्हाला रास्ता रोको माहीतच आहे. आमच्याकडं त्याचीही एक रीत आहे. आदल्या दिवशी पोलिसांना कळवायचं. ठरल्या वेळी रस्त्यावर बसायचं. घोषणा द्यायच्या. हवालदारानं घड्याळ बघायचं. मग कुणीतरी साहेब जीपमधून येतो, निवेदन घेतो, फोटो होतो, सगळे ढुंगण झाडून उठतात. पहिल्या चहाचा कप रिकामा व्हायच्या आत रस्ता चालू. सगळे खूश. मी ठरवलं, हे असलं म्हाताऱ्यांचं आंदोलन नाही करायचं. मी माझे दोन नियम काढले. एक, निवेदन द्यायचंच नाही, रस्त्याचा इंजिनिअर स्वतः चौकात आला पाहिजे. आणि दुसरा नियम, लक्षात ठेवा हं हा: म्हाताऱ्यांनी तोंड उघडायचं नाही. कारण ते तोंड उघडतात आणि तडजोड होते.

दोन-तीन दिवसांनी भल्या सकाळी मी पोरं गोळा केली. होस्टेलचीही आली. त्यांना क्लास बुडवायला कारण हवंच होतं. रेणापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या चौकात आम्ही ठिय्या मांडला. ॲम्ब्युलन्सला वाट, बाकी कुणाला नाही. बघता बघता एसटी थांबल्या, रिक्षा थांबल्या, उसाच्या बैलगाड्या थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दावर काहीतरी थांबलं होतं. काय सांगू, छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण आंदोलन सोडून गेलं.

आणि रांगेच्या अगदी पुढं, चौकात शिरून थांबला एक डंपर. वर ताडपत्री. ताडपत्रीखालून वाफा. त्याच्यामागं तसलेच आणखी दोन. डांबराचा वास चौकभर.

मला तर लॉटरीच लागली! मी सरळ डंपरच्या बंपरवर चढलो.

"बघा! मित्रांनो, बघा हे! डांबर आहे! गरमागरम आहे! पण कुणासाठी? कुणाच्या तरी बंगल्यापुढं टाकायला! आमच्या गल्लीच्या नशिबात काय? धूळ!"

टाळ्या, शिट्ट्या. पोरं डंपरवर हात आपटायला लागली. ड्रायव्हर खाली उतरला. मुखेडकडचा, डोक्याला टॉवेल, घामानं भिजलेला.

"दादा, जाऊ द्या की ओ. माल गरम हाय."

"आम्हीपण गरम आहोत!" मी म्हणालो. पुन्हा टाळ्या.

"आवो तसं न्हाई. गार झाला म्हंजी दगड होतंय त्याचं. मला हितनं जवळच टाकायचाय. त्या टाकीच्या…"

"टाकीच्या, बाकीच्या, कुणाच्या का असेना! आज एक खडा पुढं जाणार नाही!"

तुमच्यातला एक जण आत्ताच हसला. मी बघितलं. थांबा जरा.

हवालदार आले. ओळखीचे. आईकडून डबा जायचा त्यांना.

"ए पुढारी, झालं का? निवेदन दे, उठ. ऊन वाढून राहिलंय."

"निवेदन नाही. इंजिनिअर पाहिजे. इथं, चौकात."

"साहेब हापिसात न्हाईत. सकाळीच साईटवर गेलेत."

"कुठल्या साईटवर?"

"मला काय सांगून जातात का ते? कुठंतरी रस्ता करून राहिलेत."

मी पोरांकडं वळलो. "ऐकलं? साहेब रस्ता करून राहिलेत! कुणाचा? आपला तर नाही ना?"

"न्हाईऽऽ!" पोरं ओरडली. होस्टेलची पोरं सगळ्यात मोठ्यानं. त्यांची त्या दिवशी टेस्ट होती.

एवढ्यात गर्दीतून सायकल आली. खादरचाचा. घामाघूम. धाप लागलेली.

"संजू! अरे बेटा, वो गाडी छोड. वो गाडी आपल्या…"

"चाचा, नियम!" मी ओठांवर बोट ठेवलं. "आज तुम्ही फक्त बसायचं. बोलायचं आम्ही."

"अरे नियम गेला खड्ड्यात, सुन तो…"

"एऽ, चाचांना पाणी द्या रे! सावलीत बसवा!"

पोरांनी चाचांना अक्षरशः उचलून पानटपरीच्या सावलीत नेलं. मोठ्या आदरानं. दोघं जण टॉवेलनं वारा घालायला. चाचा काहीतरी हातवारे करून राहिले होते. मला वाटलं, घोषणा देऊन राहिलेत. मी पण तिकडं बघून मूठ वर केली.

मग आले गुरुजी. स्वच्छ धोतर, टोपी, कपाळावर कुंकू. हाताची बोटं हळदीनं पिवळी. आणि हातात नारळ!

आता तुम्हीच सांगा. आंदोलनाच्या जागी माणूस नारळ घेऊन येतो, तर तुम्ही काय समजाल? माझे तर डोळे भरून आले. वाटलं, इतकी वर्षं ज्यांना मी शिव्या घातल्या, ते गुरुजी आज माझ्या आंदोलनाला नारळ फोडायला आले. नवी पिढी, जुनी पिढी, एकत्र! मी बंपरवरून खाली उडी मारली आणि त्यांच्या पाया पडलो.

"संजय," गुरुजी म्हणाले. "हा नारळ…"

"कळलं गुरुजी! बोलू नका, नियम आहे!"

मी नारळ त्यांच्या हातातून घेतला, गर्दीला दाखवला आणि डंपरच्या बंपरवर, धाडकन! दोन शकलं. पाणी उडालं. असला जयजयकार तुम्ही ऐकला नसेल. गुरुजींनी दोन्ही हात डोक्याला लावले. मला वाटलं, आशीर्वाद देऊन राहिलेत आणि चुकून स्वतःलाच दिला.

मागच्या दोन डंपरवाल्यांनी तेवढ्यात गाड्या वळवल्या. मी म्हणालो, "पळाले! घाबरले!" पुढच्या डंपरला मात्र वळायला जागा नव्हती. त्याचा ड्रायव्हर ताडपत्री वर करून आत सळई खुपसून बघून राहिला होता. पहिल्यांदा सळई खोल गेली. नंतर अर्धी. मग तो एकदम माझ्याकडं आला. आता त्याच्या बोलण्यात ते 'दादा' नव्हतं.

"ए, ऐक. हे आता गाडीतच बसलं तर मालक मला छिन्नी देईल हातात. अख्खा उन्हाळा मी हौद्यात बसून डांबर फोडू का? सरका समद्यांनी!"

"एक इंच हलणार नाही!" गाडी मागंही जाऊ नये म्हणून मी डंपरच्या मागच्या बाजूला रस्त्यावर आडवा झालो.

"मग ऱ्हा तसाच."

तो वर चढला. हौदा हळूहळू वर जायला लागला. आधी नुसता कुरकुरला. मग आतून धबाधबा आवाज आला.

मी आजवर बरीच आंदोलनं मोडताना बघितली. लाठीनं, पाण्यानं, आश्वासनानं. पण डांबरानं मोडलेलं आंदोलन एकच. पोरं जी पळाली, ती थेट क्लासमध्ये जाऊन टेस्टला बसली. मीही आडव्याचा उभा कधी झालो मला कळलं नाही. डावी चप्पल डांबरात राहिली. चौकाच्या बरोबर मधोमध, माणसाच्या उंचीचा काळा ढीग वाफाळत बसला. गाडी मोकळी झाली आणि ड्रायव्हर माझ्याकडं न बघता निघून गेला.

चौक शांत झाला. आणि त्या शांततेत पहिल्यांदा खादरचाचांचा आवाज मला नीट ऐकू आला.

"अबे, वो आपला रस्ता होता!"

"कुठला?"

"टाकीमागचा! आपल्या गल्लीचा! सकाळपासून रोलर येऊन उभा हाय. इंजिनिअर साहेब आपल्या गुरुजींच्या ओट्यावर बसून चहा पिऊन राहिलेत!"

गुरुजी त्या फुटक्या नारळाकडं बघत होते. "रोलरची पूजा झाली होती," ते म्हणाले. "नुसता नारळ राहिला होता. म्हटलं, डंपर आला की फोडू."

"मग सांगितलं का नाही मला?" मी म्हणालो. तेव्हाही मीच ओरडलो बरं का!

"मागं एकदा सांगितलं होतं गल्लीत. शेजारच्या गल्लीनं पुढारी गाठला आणि रस्ता तिकडं वळवला. म्हणून या वेळी कुणालाच नाही. मार्चअखेरचा निधी. आज नाही पडलं तर परत जातो."

चाचा माझ्या एका अनवाणी पायाकडं बघत म्हणाले, "इतके रास्ता रोको देखे मैंने. पण खरोखरचा रस्ता रोकणारा तू पहिला."

परत गेलेले दोन डंपर कुठं गेले असतील? बरोबर. शेजारच्या गल्लीत. त्यांच्या गल्लीला मागून वाट होती, आमच्या गल्लीला नव्हती. आमच्या ओट्यावरचा चहा संपवून साहेबही तिकडंच गेले, आणि हळदीकुंकू लावलेला आमचा रोलर, आमच्या पूजेचं फूल डोक्यावर घेऊन, त्यांच्या गल्लीत फिरला.

घरी गेलो. आई दारात उभी. बातमी माझ्याआधी पोचलेली. मी म्हटलं, आता रडेल, नाहीतर लाटणं तरी काढेल. ती फक्त म्हणाली, "डबे भरलेत. चप्पल घालून जा." आणि आत गेली. त्यापेक्षा लाटणं परवडलं असतं.

त्या ढिगाचं पुढं काय झालं? काही नाही झालं! तीच तर मजा. दुसऱ्या दिवशी तो दगड झाला. समितीनं निवेदन दिलं, ढीग हटवावा. ऑफिसात म्हणाले, कुठल्या योजनेतला ढीग? रस्ता करायला निधी असतो. खड्डे बुजवायला निधी असतो. ढीग काढायला कुठल्याच खात्यात पैसा नाही. कारण आजवर असला ढीग कुणी करून दाखवलेलाच नव्हता! मग लोकांनी कडेनं मुरूम टाकला, वरून गाड्या जायला लागल्या, आणि उरला तो उंटाच्या पाठीसारखा उंचवटा. हवालदार त्याच्यावर उभे राहून ट्रॅफिक बघायचे. म्हणायचे, झकास दिसतं इथून.

मेसचं विचाराल तर ती वाचली. माझ्या अकलेनं नाही, माझ्या मूर्खपणानं. त्या चौकातून सगळ्याच मेसचे डबे जायचे. आता सगळ्याच गल्ल्यांचं वरण पोळ्यांत जायला लागलं. होस्टेलच्या पोरांनी दोन मेस बदलून पाहिल्या आणि परत आली. म्हणाली, काला सगळीकडंच आहे, निदान मावशींचा चवीचा तरी आहे. लातुरात समानता आणली मी. कुणी भाषणात नाव घेत नाही, एवढंच.

पण खरी फजिती तर पुढंच आहे. आता हसायला हरकत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या सायकलचं चाक त्याच उंचवट्यावर वाकडं झालं. म्हणून मी गंजबाजारातून मेसचा बाजार रिक्षानं आणत होतो. बटाट्याचं पोतं, तेलाचा डबा, कांदे. रिक्षावाला अनोळखी होता, गप्पिष्ट. चौक जवळ आला तसा त्यानं रिक्षा हळू केली आणि त्या उंचवट्याला आईबहिणीवरून सुरुवात केली. मीही 'हो ना, हो ना' करत होतो. का नाही करणार? शहराचा नागरिक आहे मी, रस्त्यांबद्दल मलाही तळमळ आहे.

"कुणी केलं हो हे?" मी साळसूदपणे विचारलं.

"हाय कोणतरी येडं. स्वतःच्याच गल्लीचा रस्ता अडवला म्हणं त्यानं. रोज माझं स्प्रिंग मोडून राहिलंय. घावलं ना एकदा, तर इथंच पुरतो ह्या डांबरात."

"पुरायलाच पाहिजे," मी म्हणालो.

"असणारच की तसलं! शिक्षण न्हाई, काय न्हाई. बारावी नापास हाय म्हणं."

आता काय गरज होती? पोतं मांडीवर, घर नजरेच्या टप्प्यात, कुणी ओळखलेलं नाही. गप बसायला पैसे पडत होते का? पण नाही! माझं तोंड माझ्याआधी उठलं.

"ओ, नापास काय म्हणता? नापास नाही! सोडली! स्वतःहून सोडली बारावी!"

रिक्षा थांबली. त्यानं आरसा नीट केला. आरशात माझ्याकडं बघितलं. मग वळून प्रत्यक्ष बघितलं. मग खाली उतरला, बटाट्याचं पोतं उचललं आणि उंचवट्याच्या अलीकडं, रस्त्यावर ठेवलं. त्यावर कांदे. शेजारी तेलाचा डबा.

"भाडं?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," तो हात जोडून म्हणाला. "तुमच्यासारख्याला इथवर आणायला मिळालं, लई झालं. आता पलीकडं तुम्ही तुमच्या हिमतीवर जा."